पीएलसीचं इथरनेट पोर्ट आणि कनेक्शनची मर्यादा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की जिनिंग सुरू होतात आणि माझा फोन वाजायला लागतो. वणी, पांढरकवडा, हिंगणघाटकडून जिनिंग-प्रेसिंगवाले, गोंदिया-भंडाऱ्याकडून राइस मिलवाले, अकोल्याकडून दाल मिलवाले, मधेच एखादा गावच्या पाणीपुरवठ्याचा ऑपरेटर, आणि प्रश्न फिरून फिरून तेच, की पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, एका वेळी किती जण जोडता येतात. म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढले. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. माझ्या पीएलसीला इथरनेटचं एकच पोर्ट आहे, म्हणजे एकच वस्तू जोडता येते का?

नाही भाऊ. पोर्ट म्हणजे फक्त केबल खोचायची जागा. त्यातून एक केबल स्विचला (एका केबलच्या अनेक करणाऱ्या डब्याला) न्या आणि स्विचवर एचएमआय (मशीनवरचा टच पॅनल), स्काडाचा (सगळ्या प्लान्टचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कॉम्प्युटर, लॅपटॉप, दुसरा पीएलसी, काय लावायचं ते लावा. पण स्विच १६ पोर्टचा घेतला म्हणजे १६ जण पीएलसीशी बोलू शकतील असंही नाही. बाजार समितीचं उदाहरण घ्या, गेट एकच असतं आणि त्यातून गाड्या कितीही आत येतात, पण आत वजनकाटे चारच असले तर पाचवी गाडी उभीच राहते ना? केबलचं पोर्ट म्हणजे गेट आणि कनेक्शन म्हणजे काटा. पीएलसीच्या आत काटे किती हे कंपनी ठरवते, आणि पीएलसी घेताना आपल्याकडं ते कोणीच विचारत नाही, सगळे इनपुट-आउटपुट किती तेवढंच विचारतात.

२. सगळे "पोर्ट ५०२" म्हणतात, ते कुठं असतं? मला तर डब्यावर एकच पोर्ट दिसते.

शब्द एकच आहे पण गोष्टी दोन. डब्यावर दिसतं ते आरजे-४५ चं सॉकेट. ५०२ हा टीसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या बोलणीच्या नियमाचा, पोर्ट नंबर, तो दिसत नाही, सेटिंगमध्ये टाकावा लागतो. आयपी म्हणजे नेटवर्कवरचा उपकरणाचा नंबर, तो घराचा पत्ता धरला तर पोर्ट नंबर म्हणजे त्या घरातली खोली, कोणत्या भाषेत बोलायचं आहे त्यावर कोणत्या खोलीत जायचं ते ठरतं. मॉडबस टीसीपीला ५०२, सीमेन्सच्या स्वतःच्या एस७ बोलणीला १०२, ॲलन-ब्रॅडलीच्या इथरनेट-आयपीला टीसीपी ४४८१८ आणि आय-ओ (इनपुट-आउटपुट) डेटाला यूडीपी २२२२, ओमरॉनच्या फिन्सला ९६००, ओपीसी यूएला ४८४०. मित्सुबिशीत एसएलएमपी या त्यांच्या भाषेसाठी नंबर बहुतेक वेळा आपणच पॅरामीटरमध्ये देतो, म्हणून तिथं पीएलसीत दिलेला आणि स्काडात टाकलेला नंबर एकच आहे का ते आधी पाहा.

३. आमच्या पीएलसीला दोन पोर्ट आहेत, मग दोन वेगळे आयपी देता येतील का?

बहुतेक लहान पीएलसीत नाही. सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेतल्या १२११सी, १२१२सी, १२१४सी ला एक पोर्ट आहे आणि १२१५सी, १२१७सी ला दोन, पण ते दोन म्हणजे आत बसवलेला छोटा स्विचच आहे, आयपी एकच. ॲलन-ब्रॅडलीच्या कॉम्पॅक्टलॉजिक्स ५३७० चंही तसंच. कॉम्पॅक्टलॉजिक्स ५३८० मध्ये मात्र ड्युअल आयपी मोड आहे, तिथं एक पोर्ट मशीनकडं आणि एक ऑफिसकडं असं खरंच वेगळं करता येतं. आणि दोन पोर्ट आहेत म्हणून कनेक्शन दुप्पट होतात हे तर डोक्यातून काढूनच टाका. दुसऱ्या पोर्टातून पुढं पुढं जोडत जाण्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

४. कनेक्शन मोजायचं कसं? एक वस्तू म्हणजे एक कनेक्शन का?

इथंच सगळे फसतात. वस्तू मोजू नका, बोलणी मोजा. एका कॉम्प्युटरवर स्काडा चालू आहे, त्यावरच डेटा लॉगरचं वेगळं सॉफ्टवेअर आहे आणि कोणीतरी प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरही ऑनलाइन करून ठेवलं आहे, तर कॉम्प्युटर एक पण कनेक्शन तीन किंवा जास्तच. एक एचएमआय सुद्धा कधी एक घेते, कधी तीन. आणि पीएलसी स्वतः ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) किंवा मीटरकडून डेटा मागत असेल तर तीही बोलणी त्याच्याच खात्यात जमा.

म्हणून कागद घ्या, पीएलसीचं नाव मधे लिहा आणि जो जो त्याच्याशी बोलतो त्याच्यापासून एक रेघ ओढा. नेहमीच्या रेघा झाल्या की दोन जागा रिकाम्या सोडा, एक तुमच्या लॅपटॉपची आणि एक रात्री अडीच वाजता येणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरची. त्या जागा भरलेल्या असल्या की हंगामात प्रेस बंद राहते आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

५. एस७-१२०० ला नेमके किती एचएमआय जोडता येतात?

फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ४ मालिकेच्या एस७-१२०० मध्ये कनेक्शनचे वाटे आधीच पाडलेले असतात. एचएमआयसाठी १२ रिसोर्स (जागा) राखीव, प्रोग्रॅमिंगसाठी ४, एस७ बोलणीसाठी ८, ओपन युजर कम्युनिकेशनसाठी (मॉडबस टीसीपीसारख्या बोलणीसाठी) ८, वेबसर्व्हरसाठी ३०, आणि वरून ६ सुटे, ज्याला लागतील त्याने घ्यावे असे. एकूण ६८. आकडा पाहून लोकांना वाटते लय झालं, पण वेबचे ३० तुमच्या एचएमआयच्या कामाचे नाहीत, ते वेबलाच राहतात.

एचएमआयच्या १२ चं गणित असं आहे की एक पॅनल कामाप्रमाणे १, २ किंवा ३ रिसोर्स घेतो. ट्रेंड, अलार्म, रेसिपी सगळं लावलेला मोठा पॅनल ३ खाऊ शकतो, म्हणून कंपनी हमी फक्त ४ एचएमआयची देते. साधे पॅनल असले तर जास्तही चालतात, पण नवीन प्लान्ट मांडताना मी ४ च धरतो. प्रोग्रॅमिंगचंही तसंच, ४ रिसोर्स म्हणजे ४ लॅपटॉप नाही, एकच लॅपटॉप चारही घेऊ शकतो आणि हमी एकाचीच.

६. मित्सुबिशी आणि ॲलन-ब्रॅडलीत किती असतात?

मित्सुबिशीच्या एफएक्स५यू च्या अंगच्या इथरनेट पोर्टला एकूण ८ कनेक्शन, आणि त्यात मेलसॉफ्ट (प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर), एसएलएमपी, सॉकेट, मॉडबस टीसीपी सगळं आलं. इथं वाटे पाडलेले नसतात, पॅरामीटरमध्ये तुम्हीच एकेक ओळ टाकता. जितक्या ओळी टाकल्या तितकेच जण येऊ शकतात, आठ जागा असल्या तरी ओळी तीनच टाकल्या असतील तर चौथ्याला दार बंद.

ॲलन-ब्रॅडलीत दोन वेगळे आकडे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक नोडचा, एक कनेक्शनचा. कॉम्पॅक्टलॉजिक्स ५३७० मध्ये एल३०ईआर ला १६ नोड, एल३३ईआर ला ३२ आणि एल३६ईआरएम ला ४८. नोड म्हणजे प्रोजेक्टच्या आय-ओ झाडात तुम्ही जोडलेले ड्राइव्ह, रिमोट आय-ओ असे. एचएमआय आणि लॅपटॉप नोडमध्ये मोजत नाहीत पण कनेक्शनमध्ये मोजतात. एका जिनिंगवाल्याने १६ नोडचा आकडा पाहून पॅनल कमी केले होते, गरजच नव्हती.

७. लॅपटॉप लावला की एचएमआय बंद पडते, काहून? कनेक्शन संपलं का?

आधी आयपी पाहा राजेहो. माझ्याकडं असे जे फोन येतात त्यात बहुतेक वेळा कनेक्शनचा काहीच संबंध नसतो, पोट्ट्याने लॅपटॉपला जो आयपी दिला तोच एचएमआयचा असतो. एका राइस मिलमध्ये दोन दिवस सगळे पीएलसी बदलायचं म्हणत होते आणि निघालं काय तर दोघांनाही १९२.१६८.१.१०.

तपासायचं असं की लॅपटॉपची केबल काढा, एचएमआय सुरू होऊ द्या, मग लॅपटॉपला पूर्ण वेगळा शेवटचा आकडा द्या, २०० च्या वरचा काहीतरी, आणि परत जोडा. आता दोन्ही चालले तर आयपीचंच दुखणं होतं. तरीही एचएमआय पडली तर मग मर्यादेचा संशय घ्या आणि प्रश्न १६ प्रमाणे मोजा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर आयपीचे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे आणि शेवटचा प्रत्येकाचा वेगळा, एवढा एक नियम पाळला तरी अर्धे फोन कमी होतील. आणि कोणाला कोणता आयपी दिला ते पॅनलच्या दाराच्या आतून कागदावर लिहून चिकटवा, तुमच्या मोबाईलमध्ये ठेवून दुसऱ्याला काय उपयोग.

८. लाइट गेली-आली की स्काडा जोडत नाही, पीएलसी बंद-चालू केला की लगेच जोडतं. हे काय आहे?

आपल्या भागात लाइटचा भरवसा नाही म्हणून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

टीसीपीचं कनेक्शन म्हणजे दोघांनी हात मिळवून सुरू केलेली बोलणी. संपवताना "मी निघालो" असं सांगायचं असतं, तेव्हा समोरचा जागा रिकामी करतो. लाइट गेली आणि कॉम्प्युटर झटक्यात बंद झाला तर त्याने काही सांगितलंच नाही. पीएलसी मात्र २४ व्होल्टच्या बॅकअपवर जिवंत आहे, त्याला वाटतं समोरचा गप्प बसला आहे, बोलेल थोड्या वेळाने, म्हणून तो जागा धरून ठेवतो. लाइट आली, कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्याने नवीन कनेक्शन मागितलं, म्हणजे आता एका कॉम्प्युटरच्या नावावर दोन जागा, एक खरी आणि एक मेलेली. दिवसातून पाच वेळा लाइट गेली की पाच मेलेल्या जागा. लहान पीएलसीत संध्याकाळपर्यंत सगळं भरलं आणि खरा स्काडा बाहेर उभा. बंद-चालू केल्यावर सगळं पुसलं जातं म्हणून चालतं, पण चालू प्रेसवर पीएलसी बंद करणं हा काही इलाज झाला नाही.

इलाज तीन आहेत आणि तिन्ही करा. पहिला, पीएलसीत कीप-अलाइव्ह किंवा टाइमआउटची सेटिंग असेल तर ती लावा, म्हणजे समोरचा गप्प असला की पीएलसी स्वतः विचारतो "आहेस का" आणि उत्तर नाही आलं की जागा मोकळी करतो. वेळ ३० सेकंदांच्या आसपास ठेवा. विंडोज आणि लिनक्समध्ये हा वेळ मुळात २ तासांचा असतो, म्हणून गेटवेचा डबा लिनक्सवर चालणारा असेल तर तिथंही पाहा. दुसरा, स्काडाच्या कॉम्प्युटरला यूपीएस द्या आणि स्विचला पण द्या, लोक कॉम्प्युटरला देतात आणि स्विच तसाच सोडतात. तिसरा, ऑपरेटरला सांगा की कॉम्प्युटर बंद करताना आधी स्काडा बंद करायचा, सरळ बटन दाबायचं नाही.

९. एस७-१२०० वर मॉडबस टीसीपी चालू आहे, एक स्काडा जोडला, दुसरा जोडतच नाही.

एका एमबी-सर्व्हर (प्रोग्रॅममधल्या, मॉडबसला उत्तर देणाऱ्या) ब्लॉकवर एका वेळी एकच क्लायंट (डेटा मागणारा) येतो. दुसरा स्काडा जोडायचा तर दुसरा ब्लॉक टाका, त्याचा इन्स्टन्स डीबी (ब्लॉकचा डेटा ठेवायची जागा) वेगळा आणि कनेक्शन आयडी वेगळा. हे सगळे ओपन युजर कम्युनिकेशनच्या ८ मधून जातात (प्रश्न ५). पीएलसी खराब आहे म्हणून दुकानात परत नेऊ नका.

१०. दोन स्काडा दर काही सेकंदांनी चालू-बंद होतात, एक आला की दुसरा जातो.

जागा भरल्यावर काय करायचं हे प्रत्येक उपकरणाचं वेगळं असतं. काही नवीन येणाऱ्याला परत पाठवतात, आणि काही सगळ्यात जुन्याला बाहेर काढून नव्याला जागा देतात. दुसऱ्या प्रकारात दोन स्काडा एकमेकांना ढकलत बसतात, कारण बाहेर काढलेला लगेच परत जोडायला येतो. पडद्यावर आकडे येतात-जातात म्हणून सगळे केबलवर संशय घेतात, केबल बदलतात, काही होत नाही. असं एकाआड एक दिसलं की एक स्काडा पूर्ण बंद करा, दुसरा दहा मिनिटं न तुटता चालला तर मर्यादाच आहे.

११. स्विच न लावता एका पीएलसीतून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी केबल नेली तर चालते का?

चालते, पण मधल्या पॅनलची सप्लाय गेली की पुढचे सगळे गेले. मधलं मशीन दुरुस्तीला बंद करायची सवय असेल तर स्विचच लावा. आणि शेवटच्यातून परत पहिल्यात केबल जोडून गोल करू नका, साध्या स्विचवर गोल झाला की पॅकेट फिरतच राहतात आणि सगळं नेटवर्क जाम होतं. गोल करायचाच असेल तर त्यासाठी डीएलआर किंवा एमआरपी ही गोल सांभाळणारी पद्धत असते, सगळी उपकरणं ती चालवणारी पाहिजेत.

१२. केबल किती लांब नेता येते? जिनिंगपासून ऑफिस दूर आहे.

तांब्याची केबल १०० मीटर, पॅचकॉर्ड धरून. एकाच शेडमध्ये असलं तर ठीक. पण एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचं असेल तर अंतर ४० मीटर असलं तरी माझा आग्रह फायबरचाच. रोहिणी-मृगात आपल्याकडं विजा कशा पडतात ते सांगायला नको, आणि दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असली की वीज जवळपास पडल्यावर तांब्याच्या केबलवरून झटका थेट पीएलसीच्या पोर्टात जातो. पोर्ट जळाला की बहुतेक लहान पीएलसीत पूर्ण सीपीयू बदलावा लागतो. फायबरमधून करंट जात नाही. १०० एमबीपीएसला मल्टिमोड फायबर २ किलोमीटरपर्यंत चालते, दोन्हीकडं मीडिया कन्व्हर्टर (तांबं आणि फायबर जोडणारा डबा) लागतो, बस. आणि केबल पाइपातूनच न्या, उघडी टाकली की उंदीर कुरतडतात.

१३. मोबाईलच्या दुकानातला साधा स्विच चालत नाही का?

टेबलावर चालतो. पॅनलमध्ये नाही. घरगुती स्विच साधारण ० ते ४० डिग्रीसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं बाहेरच पारा ४५ च्या वर असतो, बंद पॅनलमध्ये तर विचारू नका. वरून त्याचा ॲडॉप्टर सैल होतो. डीन-रेलवर बसणारा, २४ व्होल्ट डीसीचा, बिनपंख्याचा स्विच घ्या. जिनिंगमध्ये रुईचे तंतू पंख्यात आणि रिकाम्या सॉकेटात जाऊन बसतात, म्हणून रिकाम्या पोर्टला रबरी टोपी लावा.

१४. प्रोफिनेट आणि इथरकॅटची उपकरणंही याच मर्यादेत मोजायची का?

नाही, या मशीनमधल्या वेगवान डेटाच्या पद्धती आहेत, त्यांचा हिशोब वेगळा. प्रोफिनेटचा वेगवान डेटा टीसीपी-आयपी वापरतच नाही, तो थेट इथरनेट फ्रेमवर चालतो. एस७-१२०० ला १६ प्रोफिनेट आय-ओ डिव्हाइसची वेगळी मर्यादा आहे, ती एचएमआयच्या १२ मधून कापली जात नाही. इथरकॅटला तर पोर्टच स्वतंत्र लागतं, मधे साधा स्विच टाकायचा नाही.

१५. घरी बसून मोबाईलवर पाहायचं आहे, राउटरमध्ये ५०२ पोर्ट उघडून दिला तर?

कृपा करून असं करू नका. मॉडबसला पासवर्डच नसतो, जो पोहोचला तो वाचू शकतो आणि लिहूही शकतो, म्हणजे पंप बंद-चालू करू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्याचा पीएलसी बाहेरच्यांनी ताब्यात घेतला होता. अशा हल्ल्यांत सापडलेले पीएलसी इंटरनेटवर उघडे होते आणि पासवर्ड कंपनीने दिलेला तसाच होता, ११११. आपल्या गावच्या योजनेतलं पाणीही माणसंच पितात, म्हणून हे मी परत परत सांगतो.

४जी राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरची कुलूपबंद खासगी वाट) घ्या. सिमवर बहुतेक वेळा पब्लिक आयपी मिळतच नाही, त्यामुळं तसंही पोर्ट उघडून काम होत नाही. व्हीपीएनवरून आलेला लॅपटॉप पीएलसीला घरच्या लॅपटॉपसारखाच दिसतो, म्हणून त्याचीही एक जागा धरा.

१६. आत्ता किती कनेक्शन वापरात आहेत ते कुठं दिसते?

सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूच्या प्रॉपर्टीत कनेक्शन रिसोर्सचा तक्ता आहे, ऑनलाइन गेलं की किती वापरले ते समोर दिसते. बऱ्याच पीएलसीचं वेबपेज असते, ब्राउझरमध्ये आयपी टाकला की डायग्नोस्टिक्समध्ये कनेक्शनचा आकडा मिळतो. आणि स्काडाच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट चालवा, पीएलसीच्या आयपीसमोर "एस्टॅब्लिश्ड" लिहिलेल्या ओळी मोजा, त्या कॉम्प्युटरने किती जागा धरल्या आहेत ते कळते.

१७. मर्यादा संपली, आता मोठा पीएलसी घ्यायचा का?

लगेच नाही. आधी पाहा की चार कॉम्प्युटर वेगवेगळे पीएलसीला जाऊन तोच डेटा मागत आहेत का. तसं असेल तर एकाच स्काडाने पीएलसीतून घ्यावं आणि ऑफिसवाल्यांनी, मालकांनी त्या स्काडाकडून घ्यावं, ओपीसी यूए याच कामासाठी आहे. ड्राइव्ह आणि एनर्जी मीटर आरएस-४८५ वर (साध्या तारांच्या जोडणीवर) न्या, त्यांना बहुतेक वेळा इथरनेटची गरज नसते. हे करूनही पुरत नसेल तर पीएलसीला जादा कम्युनिकेशन मॉड्युल लावा, आणि सगळ्यात शेवटी सीपीयू.

एक गोष्ट वेगळी समजून घ्या, स्क्रीनवर आकडे हळू बदलतात म्हणजे कनेक्शन कमी पडले असं नाही. मॉडबसमध्ये एका वेळी १२५ रजिस्टर (आकडे ठेवायचे खण) वाचता येतात. तुमचे टॅग मेमरीत इकडंतिकडं विखुरले असतील तर स्काडाला शंभर वेळा विचारावं लागते, ओळीने लावले तर दोन-तीनदा. त्यासाठी पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

१८. जळालेला पीएलसी बदलला, प्रोग्रॅम तोच, आयपी तोच, तरी दुसऱ्या कंपनीची एचएमआय जोडत नाही. पिंग लागते.

पिंग (नेटवर्कवरून आहेस का असं विचारणं) लागते म्हणजे केबल आणि आयपी बरोबर आहे. एस७-१२०० असेल तर पुट-गेटची (बाहेरच्याने पीएलसीत वाचायची-लिहायची) परवानगी पाहा, दुसऱ्या कंपनीची एचएमआय किंवा स्काडा बहुतेक त्यावरच चालते, आणि नवीन प्रोजेक्टमध्ये ती मुळात बंद असते. ज्या डीबीतून वाचायचं त्याचं ऑप्टिमाइझ्ड ॲक्सेस काढलेलं आहे का तेही पाहा. मित्सुबिशीत प्रश्न ६ मधल्या ओळी परत टाकल्या का ते पाहा.

पिंगही लागत नसेल तर थोडं थांबा. आयपी जुनाच असला तरी नव्या डब्याचा मॅक ॲड्रेस (कंपनीने दिलेला कायमचा नंबर) वेगळा आहे, आणि एचएमआयने जुना मॅक लक्षात ठेवलेला असतो. काही मिनिटांत तो आपोआप पुसला जातो, घाई असेल तर एचएमआय आणि स्विच एकदा बंद करून चालू करा, पीएलसीला हात लावू नका.